खडकावरच्या एका दिवसाची किंमत

प्रति,
इलेक्ट्रिक ऑफ-रोड ट्रक घेण्याच्या विचारात असलेले उत्तर अमेरिकेतील समस्त मराठी ग्राहक

विषय : अशा ट्रकची किंमत वसूल होते का?



बॅटरीवर चालणारा आणि डांबर सोडून खडक-वाळूत उतरण्यासाठीच बांधलेला पिकअप ट्रक ग्राहकाच्या दारात पहिल्यांदा उभा राहिला तो सप्टेंबर २०२१ मध्ये. तो होता रिव्हियन या तोवर फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या कंपनीचा आर१टी. इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल गावचा मित्सुबिशीचा बंद पडलेला कारखाना या कंपनीने २०१७ मध्ये विकत घेतला आणि फोर्ड, जनरल मोटर्स, टेस्ला या तिघांच्याही आधी ट्रक बाहेर काढला. पाठोपाठ जनरल मोटर्सची जीएमसी हमर ईव्ही आली, २०२२ मध्ये फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग आणि २०२३ च्या अखेरीस टेस्लाचा सायबरट्रक. यांपैकी लाइटनिंग हा मुळात कामाचा ट्रक. हमर चार टनांहून जड, आणि तिचा रोख उपयोगापेक्षा दिमाखाकडे अधिक. सायबरट्रकची चर्चा त्याच्या दिसण्यापलीकडे क्वचितच जाते. ट्रेलवर जायचे हे मनात धरून घ्यावा असा या चौघांतला ट्रक आर१टी. म्हणून पुढचा हिशेब मुख्यतः त्याचा आहे. इतरांनाही तो थोड्याफार फरकाने लागू पडतो.

या वर्गाच्या किमतींचा इतिहास ग्राहकाला सावध करणारा आहे. आर१टी ६७,५०० डॉलरपासून मिळेल असे जाहीर झाले होते. मार्च २०२२ मध्ये कंपनीने ती किंमत एका झटक्यात सुमारे १८ टक्क्यांनी वाढवली आणि ज्यांनी आधीच नोंदणी केली होती त्यांनाही वाढीव आकडा लावला. गदारोळ झाला, नोंदण्या रद्द होऊ लागल्या, तेव्हा संस्थापक आर. जे. स्कॅरिंज यांनी जाहीर माफी मागून जुन्या नोंदण्यांना जुनी किंमत कायम ठेवली. फोर्डने लाइटनिंग २०२१ मध्ये ३९,९७४ डॉलरला दाखवला. २०२३ च्या वसंतात तोच मूळ ट्रक ६० हजारांना टेकला आणि त्याच उन्हाळ्यात परत ५० हजारांवर आला. सायबरट्रक २०१९ मध्ये ३९,९०० डॉलरला जाहीर झाला होता. २०२३ च्या नोव्हेंबरात तो रस्त्यावर आला तेव्हा चारही चाकांना जोर देणाऱ्या ट्रकचा आकडा ७९,९९० होता. तेव्हा मंचावरून सांगितलेल्या किमतीवर घरचे अंदाजपत्रक बांधू नये. ट्रक आवारात उभा असेल आणि त्याच्या काचेवर कागद चिकटवलेला असेल, तर त्या कागदावरची किंमत खरी.

२०२५ मध्ये आर१टीचा सर्वांत स्वस्त अवतार, दोन मोटरींचा, ७१ हजार डॉलरच्या आसपास होता. तीन मोटरी आणि सर्वांत मोठी बॅटरी घेतली की एक लाख, चार मोटरींचा घेतला की १ लाख १५ हजारांच्या पुढे. त्यावर पोचवणावळ सुमारे दोन हजार आणि विक्रीकर वेगळा : टेक्सासात सव्वासहा टक्के, कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच भागात नऊच्या आसपास, सिअ‍ॅटलकडे त्याहून जास्त. म्हणजे ७१ हजारांचा ट्रक दारात येईपर्यंत ८० हजारांचा होतो. केंद्र सरकारची ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद झाली, त्यामुळे ‘सवलत धरून’ केलेली जुनी कोष्टके आता रद्दीत टाकायची. वार्षिक नोंदणीतही फरक आहे. टेक्सास इलेक्ट्रिक गाडीकडून पेट्रोलकराच्या बदली म्हणून दरवर्षी २०० डॉलर जादा घेते, तर कॅलिफोर्नियाचे शुल्क गाडीच्या किमतीवर बेतलेले असल्याने महाग गाडीला आपोआपच जास्त बसते.

एवढ्या पैशांत काय मिळते, हे आधी न्यायाने सांगायला हवे, कारण मिळते ते खरेच विलक्षण आहे. पेट्रोलचे इंजिन जोर धरायला फेरे मागते. म्हणून खडक चढायच्या जीपला वेगळा लो-रेंज गिअरबॉक्स लावतात, क्लच किंवा टॉर्क कन्व्हर्टर तापतो आणि चालकाला ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही पायांनी खेळवावे लागतात. इलेक्ट्रिक मोटर शून्य फेऱ्यांवरच पूर्ण जोर देते. चाक खडकाच्या कडेला टेकले, पाय किंचित दाबला, की ट्रक इंच-इंच वर सरकतो. पाय उचलला की तिथेच थबकतो, मागे घरंगळत नाही. चार मोटरींच्या आर१टीत प्रत्येक चाकाला स्वतःची मोटर असल्याने एखादे चाक हवेत लटकले तरी उरलेल्या तिघांचा जोर कमी होत नाही. हवेच्या सस्पेन्शनमुळे ट्रकचे पोट जमिनीपासून सुमारे ३७ सेंटीमीटरपर्यंत उचलता येते आणि तीन फुटांहून खोल पाण्यातून जाता येते. दोन बाजूंचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर हायड्रॉलिक नळ्यांनी एकमेकांना जोडलेले आहेत. त्यामुळे नेहमीचे अँटी-रोल बार लागत नाहीत, चाके खडकावर मोकळी वरखाली होतात आणि हायवेच्या वळणावर एवढे धूड कलत नाही. केबिन आणि हौदा यांच्यामध्ये आरपार जाणारा एक बोगदा आहे, त्यात तंबू, खुर्च्या, फावडे असे लांबट सामान कुलपात राहते. जवळच कॉम्प्रेसर : ट्रेलच्या तोंडाशी टायरमधली ४८ पाउंड हवा विसावर आणायची आणि परतताना तिथेच भरून घ्यायची.

आणि शांतता. जाहिरातीत हा मुद्दा काव्यात्म करून मांडतात, पण तो व्यवहाराचा आहे. इंजिनाचा आवाज नसल्याने टायरखाली दगड सरकल्याचे कानाला कळते, पोटाला खडक घासल्याचे लगेच समजते आणि बाहेर उभे राहून ‘डावीकडे घे’ म्हणणाऱ्याला ओरडावे लागत नाही.

मर्यादाही यंत्राच्या रचनेतूनच येतात. ट्रकचे वजन सव्वातीन टनांच्या घरात जाते. अडकलेली गाडी ओढायला विंच निवडताना भरल्या वजनाच्या दीडपट क्षमता धरतात. या ट्रकसाठी ती जवळपास १३ हजार पाउंड येते. सोबतच्या मित्राची छोटी जीप चिखलातून या ट्रकला बाहेर काढील, ही आशा व्यर्थ. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर साधारण ३.४५ मीटर असल्याने टोकदार उंचवट्यावर पोट टेकण्याचा संभव दोन दारांच्या रँग्लरपेक्षा जास्त, आणि पूर्वेकडच्या जंगलातल्या अरुंद वाटांवर दोन्ही बाजूंचा रंग फांद्यांना वाहावा लागतो. दोन मोटरींच्या आर१टीत प्रत्येक धुऱ्याला एकच मोटर असते. एक चाक हवेत गेले की त्याला ब्रेक लावून जोर दुसऱ्याकडे ढकलावा लागतो. हे जमते, पण धक्के देत जमते. ७१ हजारांच्या ट्रकमध्ये लाखाच्या ट्रकची ट्रेलवरची करामत मिळत नाही, ही गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

आता बॅटरी. ‘जंगलात चार्जिंग संपले तर?’ हा घरच्यांचा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर बहुतेकांना उलटे वाटते : ट्रेलवर बॅटरी फारशी संपत नाही, ती संपते ट्रेलपर्यंत जाताना. ताशी १०-१२ मैलांच्या वेगाला हवेचा विरोध नगण्य असतो. ७५ मैलांच्या वेगाला भिंतीसारखे उभे नाक घेऊन हवा कापावी लागते आणि हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो.

उदाहरणासाठी यूटातल्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानाची व्हाइट रिम वाट घ्यावी. सुमारे १०० मैलांचा फेरा. वाटेत पिण्याचे पाणी नाही, पेट्रोल नाही. उद्यानाचा परवाना लागतो आणि बहुतेक जण दोन-तीन दिवस काढतात. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. वाळू, मर्फी हॉगबॅकसारखे छातीवरचे चढ आणि दिवसभर चालणारा एसी धरून मैलाला ०.६ युनिट खर्च मानला, तर पूर्ण फेऱ्याला ६० युनिट लागतात. आर१टीच्या मोठ्या बॅटरीत वापरता येण्याजोगे साधारण १३० युनिट असतात. फेऱ्याच्या सुरुवातीलाच शेफर ट्रेलच्या वळणावळणांनी सुमारे साडेचारशे मीटर खाली उतरावे लागते. सामान आणि माणसांसह साडेतीन टनांचा ट्रक एवढा उतरताना सव्वाचार युनिट ऊर्जा सोडतो. पेट्रोल गाडीत ती ब्रेक तापवण्यात जाते. इथे तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग बॅटरीत परत येतो. चढ मात्र पूर्ण किंमत वसूल करतो. रात्री मुक्कामाला चोरीविरोधी कॅमेरे चालू ठेवले तर काही टक्के फुकट जातात, म्हणून ते बंद ठेवण्याची सवय लावून घ्यावी. एवढे करून मोआब गावातून पूर्ण भरून निघालेला ट्रक फेरा संपवून गावात परत येतो आणि हाताशी शिल्लकही राहते.

तोच ट्रक डेन्व्हरहून मोआबला न्यायचा तर साडेतीनशे मैलांचा आय-७० आडवा येतो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर, आयझेनहॉवर बोगदा ३,४०० मीटरवर. नुसत्या या चढाईला १७ युनिट लागतात. पुढच्या उतारावर काही परत मिळतात. हायवेच्या वेगाने मैलाला अर्धा युनिट धरला तर पूर्ण भरलेली बॅटरीही अडीचशे मैलांच्या आसपास आटोपते. म्हणजे ग्रँड जंक्शनला किंवा त्याआधी थांबणे आलेच. थांबा पाऊण तासाचा, जेवण उरकण्याएवढा; तो कोणाला जाचणार नाही. थंडीत मात्र हा पल्ला आणखी चतुर्थांशाने घटू शकतो. २०२४ च्या मध्यापूर्वी बनलेल्या आर१टीत हीट पंप नाही, त्यामुळे मिनेसोटा किंवा शिकागोकडच्या ग्राहकाने हे वर्ष मुद्दाम पाहून घ्यावे. बर्फ साचलेल्या सकाळी केबिन उबदार करण्याचा खर्च थेट बॅटरीतून जातो.

ट्रेलर ओढायचा असेल तर हिशेब पार बदलतो. आर१टीची ओढण्याची क्षमता ११ हजार पाउंड आहे आणि ती खरी आहे, पण उंच ट्रेलर मागे लावला की पल्ला निम्म्यावर येतो. प्रवासात कोणी १०० टक्के भरत नाही, कारण शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो. १० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राहावे लागते. कागदावरचे ३०० मैल निम्मे होऊन १५० आणि त्याचे ७० टक्के म्हणजे १०५ मैल. दर दीड-पावणेदोन तासांनी थांबा. बहुतेक फास्ट चार्जर गाडी नाक आत घालून उभी करण्यासाठी बांधलेले असल्याने प्रत्येक थांब्यावर ट्रेलर सोडून बाजूला लावा, चार्ज करा, पुन्हा जोडा. उन्हाळ्यात कुटुंबासह कॅम्पर ओढत यलोस्टोनला जायचे ज्यांचे बेत आहेत, त्यांनी हा ट्रक घेऊ नये. इथे दुसरा विचार करण्यासारखे काही नाही.

चार्जरची उपलब्धता पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे. रिव्हियनने स्वतःचे पहिले फास्ट चार्जर २०२२ मध्ये कोलोरॅडोतल्या सॅलिडाला आणि कॅलिफोर्नियातल्या बिशप व इन्योकर्नला बसवले. ही गावे निवडण्यामागे ट्रेलचे जवळपण होते, हे नकाशावर लगेच दिसते. मार्च २०२४ पासून अडॅप्टर लावून टेस्लाचे सुपरचार्जरही या ट्रकला वापरता येतात. तरीही खरा प्रश्न हायवेवरचा नाही, घरचा आहे.

घरच्या वीजदरावरच सगळे गणित उभे आहे. चार मोटरींच्या पहिल्या आर१टीला सरकारी मोजणीनुसार १०० मैलांना सुमारे ४८ युनिट लागतात. वर्षाला १२ हजार मैल धरले तर ५,७६० युनिट. घरी १७ सेंट दराने त्याचे ९८० डॉलर होतात. तुलनेला टोयोटा टॅकोमा टीआरडी ऑफ-रोड घेऊ : गॅलनला २० मैल, म्हणजे वर्षाला ६०० गॅलन, ३ डॉलर २० सेंटने १,९२० डॉलर. बचत ९४० डॉलरची. उत्तर कॅलिफोर्नियात पेट्रोल महाग, म्हणून तिथे बचत जास्त असेल असा अनेकांचा समज असतो. पण तिथे वीजही महाग आहे. रात्रीच्या सवलतीचा दर ३२ सेंट आणि पेट्रोल ४ डॉलर ७० सेंट धरले तर १,८४० विरुद्ध २,८२०. बचत पुन्हा हजाराच्या आतच. आणि ज्याच्या घरी चार्जरच नाही, जो अपार्टमेंटमध्ये राहून ५५ सेंट दराच्या फास्ट चार्जरवर अवलंबून आहे, त्याचे बिल जाते ३,१७० डॉलरवर. त्याला पेट्रोलचा ट्रक स्वस्त पडतो. गॅरेजात २४० व्होल्टची जोडणी करून घ्यायला हजार-दोन हजार डॉलर लागतात, जुन्या घराचे पॅनेल बदलावे लागले तर त्याहून जास्त, आणि टाउनहाउसमध्ये सोसायटीची परवानगी मिळवण्यात जाणारे महिने वेगळे. स्वतःचे गॅरेज नसलेल्या ग्राहकाने या पत्रातला पुढचा भाग करमणूक म्हणून वाचावा.

टॅकोमा आणि आर१टी यांच्या किमतीत तीसेक हजारांचे अंतर आहे. वर्षाला ९४० डॉलरच्या बचतीने ते भरून निघायला ३२ वर्षे लागतील. तेव्हा ‘पेट्रोलचे पैसे वाचतात’ हे कारण घरात सांगू नये. ते टिकत नाही. फोर्ड एफ-१५० रॅप्टरशी तुलना केली तर चित्र वेगळे दिसते. रॅप्टरही ८० हजारांच्या घरातलाच, गॅलनला १६ मैल देणारा. तिथे किमतीत फरक नाही आणि वर्षाला चौदाशे डॉलर वाचतात. म्हणजे ट्रक महाग की स्वस्त हे ग्राहक कोणत्या पायरीवरून वर येतो आहे त्यावर ठरते. ४५ हजारांच्या ट्रकवरून उडी मारणाऱ्याला तो महाग आहे; ८० हजार खर्च करायचे आधीच ठरवून बसलेल्याला नाही.

सर्वांत मोठा खर्च मात्र ना पेट्रोलचा, ना विजेचा. तो घसाऱ्याचा. इलेक्ट्रिक गाड्यांची पुनर्विक्री किंमत झपाट्याने उतरते, आणि टॅकोमा ही बाजारात किंमत टिकवून धरणाऱ्या गाड्यांत अग्रभागी आहे. ८० हजारांना दारात आलेला आर१टी पाच वर्षांनी ३५ हजारांना गेला असे धरले, तर वर्षाला ९ हजार डॉलर हवेत जातात. ४८ हजारांची टॅकोमा ३० हजारांना विकली तर वर्षाला ३,६००. फरक ५,४०० डॉलर. विमा जास्त, टायर जास्त, पण तेलपाणी-सर्व्हिसिंग कमी, यांची बेरीज-वजाबाकी करून आणखी सहाशे धरावेत. इंधनाची हजारभर बचत वजा केली की उरतात वर्षाला ५ हजार डॉलर. कर्जाने घेतल्यास व्याजाचे हजारभर आणखी.

हे पाच हजार कशासाठी मोजले जातात? ट्रेलवरच्या दिवसांसाठी, असे ट्रक घेणारा स्वतःला सांगत असतो. मग वर्षातले असे दिवस प्रामाणिकपणे मोजावेत. डांबर सुटले, टायरमधली हवा कमी केली, असा दिवस. ग्रोसरीच्या दुकानाबाहेरची फुटपाथची कड चढलेला दिवस नाही. असे पाच दिवस असतील तर एक दिवस हजार डॉलरला पडला. दहा असतील तर पाचशेला, वीस असतील तर अडीचशेला. मोआबमध्ये तयारीची जीप दिवसाला साधारण अडीचशे ते चारशे डॉलर भाड्याने मिळते, आणि तिच्या पोटाला पोचा आला तर ती आपली नसते. हिशेब पंधरा दिवसांच्या आसपास बरोबरीत येतो. त्यापेक्षा कमी दिवस जाणाऱ्याने टॅकोमा चालवावी आणि ट्रेलसाठी जीप भाड्याने घ्यावी, हे आकड्यांचे म्हणणे आहे. सॅन होजेतल्या माणसाला हॉलिस्टर हिल्सचे ट्रेल तासाभरावर आहे, त्याचे पंधरा दिवस सहज भरतात. ज्याचे जवळात जवळचे ट्रेल पाच तासांवर आहे आणि शनिवारी मुलांची मराठी शाळा, रविवारी मंडळाची तालीम आहे, त्याचे भरत नाहीत.

अर्थात उरलेले साडेतीनशे दिवसही ट्रक चालतोच, आणि फार छान चालतो. चार मोटरींचा आर१टी साडेतीन सेकंदांच्या आत शून्यावरून साठ मैलांवर जातो. आतली जागा, आवाज नसणे, सकाळी भरलेली बॅटरी, उन्हात आधीच गार करून ठेवलेली केबिन, यांची किंमत खऱ्या अर्थाने रोजच्या वापरात मिळते. ही चैन आहे. चैनीला पैसे मोजण्यात गैर काही नाही, फक्त तिची नोंद बचतीच्या रकान्यात करू नये.

टायर आणि पत्रा यांचा खर्च आणखी थोडा उघड करायला हवा. एवढ्या वजनाला ऑल-टेरेन टायर लवकर झिजतात, आणि पहिल्या पिढीच्या, म्हणजे २०२४ च्या मध्यापूर्वीच्या, ट्रकमध्ये पल्ला वाढवणारा मोड पुढच्या दोन चाकांवरच चालत असल्याने त्यांची झीज असमान होते अशी मालकांची तक्रार राहिली. चार टायरांचा संच दीड-दोन हजार डॉलरचा. जाडजूड टायर लावले की पल्ला दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होतो, तोही खर्चच. स्टेपनी आणि पोटाखालचे मजबूत कवच काही अवतारांत वेगळे पैसे देऊन घ्यावे लागते. ट्रेलवर जाणाऱ्याने ते घेतलेच पाहिजे. मागच्या बाजूचा पत्रा हौद्यापासून छताच्या पुढच्या खांबापर्यंत एकसंध आहे. तो देखणा दिसतो, पण मागे पोचा आला तर दुरुस्ती पार छतापर्यंत जाते. २०२३ मध्ये मागून बसलेल्या साध्या धडकेच्या ४२ हजार डॉलरच्या बिलाची बातमी गाजली ती याचमुळे. विम्याचा दर ट्रक ठरवण्याआधी विचारावा, नंतर नव्हे. खडकावर आपटून झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही.

कंपनी टिकेल का, हाही किमतीचाच भाग आहे. अशा ट्रकचे सस्पेन्शन, चार्जिंग, कुलूप, नकाशे सगळे सॉफ्टवेअरवर चालते. फिस्कर कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या गाड्या घेतलेल्यांना सुटे भाग आणि सॉफ्टवेअर दोन्हींसाठी वणवण करावी लागली. रिव्हियनची स्थिती तशी नाही. २०२३ मध्ये तिने ५०,१२२ आणि २०२४ मध्ये ५१,५७९ गाड्या दिल्या, आणि फोक्सवॅगनने तिच्या सॉफ्टवेअरसाठी ५.८ अब्ज डॉलरपर्यंतचा भागीदारी करार केला. पण २०२४ मध्येच तिचा निव्वळ तोटाही साडेचार अब्जांच्या वर होता. तगून राहण्याची तिची भिस्त आर२ या ४५ हजारांच्या घरात जाहीर झालेल्या एसयूव्हीवर आहे. मोठ्या घराण्याचे नाव असले म्हणून निश्चिंती नाही : डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने पूर्ण इलेक्ट्रिक लाइटनिंग थांबवत असल्याचे जाहीर केले, आणि पुढचा ट्रक पेट्रोलचा जनरेटर सोबत बाळगणारा असेल असे सांगितले. फोक्सवॅगनचा स्काउट टेरा याच वाटेने येतो आहे. ६० हजारांच्या आतली सुरुवात आणि हवे असल्यास बॅटरी भरणारे छोटे इंजिन असे त्याचे २०२४ मधले वचन आहे. ट्रेलर ओढणाऱ्याने त्याची वाट पाहणे शहाणपणाचे; वचनातल्या किमतीवर मात्र विसंबू नये, याचे कारण वर येऊन गेले.

एक पर्याय बाजारात सर्वांत दुर्लक्षित आहे आणि तोच सर्वांत रास्त : तीन वर्षे वापरलेला, पहिल्या पिढीचा, चार मोटरींचा आर१टी. घसाऱ्याचा मोठा घास पहिल्या मालकाने सोसलेला असतो. ४८ हजारांना मिळालेला असा ट्रक पाच वर्षांनी २२ हजारांना विकला तरी वर्षाचा घसारा ५,२०० डॉलर, म्हणजे नव्या टॅकोमापेक्षा सोळाशेच जास्त. त्यातून इंधनाची बचत वजा केली आणि टायर-विमा मिळवला तर फरक बारा-पंधराशेवर येतो, आणि ट्रेलवरचे पाच दिवसही भाड्याच्या जीपइतकेच पडतात. बॅटरी आणि मोटरींची वॉरंटी ८ वर्षे किंवा १ लाख ७५ हजार मैलांची असून ती पुढच्या मालकाकडे जाते. बाकी ट्रकची वॉरंटी ५ वर्षे किंवा ६० हजार मैलांचीच असल्याने हवेचे सस्पेन्शन आणि पोटाखालचे ओरखडे लिफ्टवर चढवून पाहून घ्यावेत. दोन मोटरींचा जुना ट्रक थोडा स्वस्त मिळतो, पण खडकासाठी घ्यायचा असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

सारांश काढायचा तर तो एवढाच : घरी चार्जर असलेल्या, रॅप्टरच्या किमतीचा ट्रक तसाही घेणार असलेल्या, ट्रेलर न ओढणाऱ्या आणि वर्षातून पंधरा दिवस खरोखर ट्रेलवर जाणाऱ्या ग्राहकाने नवा आर१टी खुशाल घ्यावा. वर्षातून चार-पाच वेळाच जाणाऱ्याने, पण गॅरेज असणाऱ्याने, जुना चार मोटरींचा घ्यावा. बाकीच्यांना आजच्या किमतीत हा ट्रक परवडत नाही. सही करण्यापूर्वी सर्वांनीच तो एक शनिवार-रविवार भाड्याने घेऊन नेहमीच्या ट्रेलवर न्यावा आणि परतीच्या हायवेवर ताशी ७५ मैलांनी पल्ला किती उतरतो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.